टर्की आणि व्हिडिओ कॉल

परवा सूसमधल्या एका मित्राने विचारलं, "चुलतभाऊ नशेच्या गोळ्यांत अडकलाय. मोबाईलवरच उपचार घेतले तर? येरवड्याला जायचं, आणि कोणी बघितलं म्हणजे?" (आमची भाजीसुद्धा ऑनलाइन येते, त्यामुळे प्रश्न साहजिकच!)

थोडं मागे जाऊया. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पसरलं. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्द थांबवलं की टर्की येते. अंग ठणकतं, उलट्या होतात, झोप उडते. त्यात माणूस एकटा असला की परत पुडीकडे वळतो. म्हणून आत ठेवायचं, म्हणून घरच्यांनाही बोलवायचं. बायकांचा तर 'सहचरी' नावाचा वेगळा गट.

२५ मार्च २०२०ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम आले. पण १९८५च्या एनडीपीएस कायद्यातली औषधं फोनवर लिहून द्यायला त्यात मनाई. तलफ शमवणारं ब्युप्रेनॉर्फिन नेमकं त्याच कायद्यात! अमेरिकेने मात्र त्याच महिन्यात ते व्हिडिओ कॉलवर द्यायची मुभा दिली. मला आपला नियम जरा जास्तच कडक वाटतो. असो.

मित्राला म्हटलं, समुपदेशन पुढे मोबाईलवर चालेल, पण पहिली खेप प्रत्यक्षच. तोवर घरच्या घरी गोळ्या तोडू नकोस. शनिवारी गाडी मी काढतो.