न फडकलेले तांबडे निशाण

मानखुर्दहून बोरीबंदरकडे जाणाऱ्या हार्बर गाडीत बसले, की शिवडी मागे पडल्यावर स्थानकांची नावेच इतिहास सांगू लागतात. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाचा बाजार. तो आधी कोटात होता, मग कुलाब्याला गेला आणि अखेर इकडे आला. रे रोडचे नाव १८८५ ते १८९० या काळातील गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. डॉकयार्ड रोड हे नाव माझगावच्या जहाजांच्या गोदीवरून आले. गाडीच्या डाव्या हाताला लांबच लांब भिंती आणि जुन्या वखारी दिसतात. त्यांच्यापलीकडे समुद्र आहे, हे रोजच्या गर्दीत आपल्याला जाणवतही नाही. आपल्या समाजातील कित्येक घरांचे वाडवडील एके काळी याच भिंतींच्या आत कारकून, फिटर, खलाशी वा यारीवाले म्हणून राबले. ज्या नियमांखाली ते राबले, त्यांची आणि त्यांतील एक नियम मोडल्याने घडलेल्या अनर्थाची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

मुंबईचे धक्के मुळात सार्वजनिक नव्हते. एकोणिसाव्या शतकात ज्याच्या हाती पैसा, तो समुद्रात भराव घालून बंदर बांधी आणि तेथे माल उतरवणाऱ्याकडून भाडे घेई. भाऊ या नावाने ओळखले जाणारे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का आजही त्यांचे नाव राखून आहे. पुढे मोठ्या कंपन्या या व्यवहारात उतरल्या. १८५८ साली स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन कंपनीने तर किनाऱ्याचा मोठा भाग भराव घालून आपल्या हाती घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बंदराच्या किल्ल्या खाजगी हातांत राहिल्या तर साऱ्या व्यापाराची मान त्यांच्या मुठीत जाईल, हे सरकारच्या ध्यानात आले. सरकारने त्या कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली. धक्का सार्वजनिक झाला, म्हणजे ठरलेले शुल्क भरून आणि ठरलेले नियम पाळून कोणत्याही जहाजाला तो वापरता येऊ लागला.

हे नियम दोन जातींचे होते. पहिली जात पैशाची. जहाजाच्या कप्तानाने आणलेल्या मालाची यादी जकात खात्याला द्यावी. सरकारने नेमून दिलेल्या जागीच माल उतरवावा. गोदीचा अधिकारी सांगेल त्याच धक्क्याला जहाज लावावे आणि सांगेल तेव्हा हलवावे. मालावर धक्क्याचे शुल्क भरावे. ठरावीक दिवसांच्या पुढे माल तेथेच पडून राहिला, तर वाढीव दंडभाडे द्यावे. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून हे नियम तोंडपाठ असत, कारण प्रत्येक दिवसाचा हिशेब रुपयांत होई.

दुसरी जात जिवाची. १९०८ सालचा हिंदी बंदरांचा कायदा वाचला, म्हणजे आगीचे भय त्या काळी किती मोठे होते ते कळते. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर डांबर उकळू नये. उघड्या दिव्याच्या उजेडात पिंपातून मद्यार्क काढू नये. बंदरात बंदुकीचे बार काढू नयेत. दोनशे टन वा त्याहून मोठ्या जहाजावर आग विझवण्यासाठी पंप व नळी असलीच पाहिजे. जहाजाला आग लागल्यावर कप्तानाने ती विझवण्याची व्यवस्था जाणूनबुजून केली नाही, किंवा बंदराच्या अधिकाऱ्याला ती विझवताना अडथळा आणला, तर तो गुन्हा. या नियमांना कारण होते. गोदीत जहाजांना जहाजे लागून उभी, धक्क्यावर कापसाच्या गाठी, भिंतीपलीकडे वखारी आणि वखारींपलीकडे माणसांनी गजबजलेली वस्ती. एका जहाजावरची ठिणगी त्या जहाजापुरती राहत नाही, हे हा कायदा लिहिणारे जाणून होते.

याच जातीचे आणखी दोन नियम होते. स्फोटके घेऊन येणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण चढवावे, म्हणजे आसपासच्या सर्वांना धोका कळेल. आणि असे जहाज गोदीत न आणता बाहेर पाण्यात नांगरून त्याचा माल पडावांतून उतरवावा. दुसरे महायुद्ध आले आणि या सावधपणाला वेळ उरला नाही. पडावांतून माल उतरवण्यास दिवस लागत आणि युद्धाला तर घाई होती. तेव्हा दारूगोळ्याची जहाजे थेट गोदीत येऊ लागली.

त्यांपैकीच एक ‘फोर्ट स्टिकिन’. कॅनडात १९४२ साली बांधलेले हे ७,१४२ टनांचे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीस काही माल उतरवल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड व इतर जिनसा भरण्यात आल्या. कापूस आणि दारूगोळा यांची अशी संगत कप्तानालाही पसंत नव्हती, तरी ती जमवली गेली. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागले. तांबडे निशाण मात्र चढले नाही.

१४ एप्रिल हा पास्काच्या सणानंतरचा पहिला शुक्रवार होता. दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या पोटातील दोन नंबरच्या खणातून धूर येत असल्याचे दिसले. कापूस पेटला होता. बंबांनी कित्येक टन पाणी आत सोडले, तरी आगीचे नेमके ठिकाण सापडेना आणि खणातील पाणीच उकळू लागले. शेजारच्या जहाजांवरील खलाशांना, भिंतीपलीकडच्या हमालांना, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवानांना आपण कशाशेजारी उभे आहोत, हे सांगणारी खूण कोठेच नव्हती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार चौतीसला दुसरा. त्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली. ‘जलपद्म’ नावाचे सुमारे ४,००० टनांचे जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. पेटलेल्या कापसाचा पाऊस वखारींवर आणि चाळींवर पडला. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा धरला जातो. आग विझवण्यास गेलेले ६६ जवान त्यांत होते. हजारो कुटुंबे बेघर झाली.

या अनर्थाची गोष्ट घरोघर सांगितली जाते, ती बहुधा सोन्याच्या विटांची. छपर फोडून एक वीट कोणाच्या घरात पडली, गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षे विटा निघत राहिल्या, असे आजीआजोबा रंगवून सांगत. चढू शकले असते ते निशाण या गोष्टीत क्वचितच येते. चौकशीत मात्र ते आले. स्फोटकांच्या खाली कापूस रचला, धोक्याचे निशाण लावले नाही, स्फोटके उतरवण्यास विलंब केला, अग्निशमन दलाला उशिरा कळवले, असे दोष चौकशीत दाखवण्यात आले. यांतील एकाही चुकीला मोठी विद्या लागत नाही. तांबड्या कापडाचा एक तुकडा दोरीला बांधून वर चढवायचा, एवढेच करायचे होते.

युद्धाची निकड खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण निकड आली म्हणजे नियमांच्या दोन जातींपैकी आधी कोणती सैल होते, हे पाहण्यासारखे आहे. शुल्काचा नियम मोडला तर तिजोरीला लगेच कळते, म्हणून तो जपला जातो. जिवाचा नियम मोडला, तर पुष्कळ दिवस काहीच घडत नाही. जहाजे येतात, उतरतात, निघून जातात, आणि नियम उगाच होता असे वाटू लागते. ज्या दिवशी त्याचे मोल कळते, त्या दिवशी ते हमालाने आणि बंबवाल्याने चुकते केलेले असते.

आम्हां मानखुर्दकरांना या इतिहासाचे दुसरेही एक टोक आहे. धोकादायक माल वस्तीपासून दूर ठेवावा, या जुन्या तत्त्वाप्रमाणे तेलाची वाहतूक शहराच्या बाहेर, तुर्भ्याच्या किनाऱ्यावर पीरपावच्या धक्क्याकडे नेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात त्याच बाजूला, माहुलजवळ तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. तेव्हा मुंबईला हा भाग दूर वाटत होता. मिठागरे, खाजण आणि कोळ्यांच्या व आगऱ्यांच्या वस्त्या, एवढेच येथे होते, आणि ज्यांची घरे येथे होती त्यांना मात्र ही जागा दूर नव्हती. पुढे शहरच चालत येथे आले. १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून वाशीला रेल्वे गेली, आणि इतरत्र घरे गमावलेल्या गरिबांना माहुलच्या इमारतींत आणून वसवण्यात आले. तेथील हवेचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत गेले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने, त्या लोकांना तेथे राहण्यास भाग पाडू नये, दुसरे घर द्यावे अथवा दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे सांगितले. एका काळचे ‘दूर’ दुसऱ्या काळी कोणाचा तरी उंबरठा होते, हे १९४४ च्या भिंतीपलीकडच्या चाळींनी आधीच दाखवून दिले होते.

दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. आमची वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरात त्या शुक्रवारची आठवण आईवडिलांकडून वा आजीआजोबांकडून आलेली आहे, त्यांनी ती लिहून ठेवावी. स्फोटाच्या वेळी ते कोठे होते, त्या रात्री कोण घरी परतले आणि कोण परतले नाही, एवढे दोन ओळींत लिहिले तरी चालेल. सोन्याच्या विटांची नोंद सरकारने ठेवली आहे. माणसांची नोंद घरांनी ठेवायची असते.