रेवदंडा: किल्ल्याच्या तटाआड नांदणारे गाव

अलिबागहून मुरुडकडे निघालात की साधारण 17-18 किलोमीटरवर रस्ता एका जाड दगडी तटातून आत शिरतो. आपल्यापैकी बरेच जण तो तट मागे टाकून थेट काशिद गाठतात. पण या तटाच्या आत आजही घरे आहेत, वाड्या आहेत, रोजचे व्यवहार आहेत. हेच रेवदंडा.

शेजारचे चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांना ते ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला, वास्को द गामाच्या बऱ्याच आधी. त्याचे स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. 1520 च्या दशकात पोर्तुगीजांनी इथे किल्ला उभारला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरांत बोलली जाते!

तरीही इथे राहण्याची खरी ओढ इतिहासापेक्षा वाडीची आहे. वर नारळ, खाली सुपारी, सुपारीवर चढलेला मिरीचा वेल, बाजूला विहीर आणि या सगळ्याच्या सावलीत घर. भर उन्हाळ्यातही वाडीत शिरले की गारवा जाणवतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, पण जुनी घरे त्याच्याकडे पाठ करून झाडांच्या आड बसलेली. ‘सी-व्ह्यू’ची हौस शहरातून आलेली, वाऱ्याची ताकद ठाऊक असलेला माणूस आडोसा शोधतो.

ती ताकद 3 जून 2020 ला पुन्हा दिसली. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि रायगडातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे? मग वाडी विकावी का, हा प्रश्न उभा राहतो. आणि वाडी तोडून बंगला झाला, की ज्या गारव्यासाठी माणूस इथे येतो तोच जातो.

तुम्हालाही इथे घर घ्यावेसे वाटत असेल, तर आधी सातबारा बघा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरसकट घेता येत नाही. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे नियम आहेत. शिवाय केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी सक्तीची. जुने घर दुरुस्त करायचे तरी कागद लागतातच. त्यापेक्षा एक पावसाळा भाड्याने राहून पाहा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लहान बोटी तेव्हा बंद असतात, वीज जाते, भिंतींना ओल येते. चार महिने काढूनही परतावेसे वाटले नाही, तर मग वाडीच्या मालकाशी बोलायला हरकत नाही.