परकोटाआतली पवनी

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपण पहिल्यांदा राजाला हाक मारतो. ते कोणी वसविले, कोणी लुटले, किल्ला कोणी बांधला, एवढे कळले की गाव कळले असे आपल्याला वाटते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला हा न्याय लावू गेले तर मोठी पंचाईत होते. तालुक्याचे हे लहानसे गाव दोन हजारांहून अधिक वर्षे नांदते आहे; परंतु त्याच्या पोटातून निघालेल्या दगडांवर राजांची नावे थोडी आणि साध्या माणसांचीच नावे फार. मला पवनीची ओढ लागली ती यामुळे.

गावाच्या नावासाठी मात्र लोकांनी एक राजा शोधून ठेवला आहे. त्याचे नाव पवनराजा. वर्ध्याजवळचे पवनार आणि ही पवनी, दोन्ही गावे त्याच्याच नावाची असे सांगतात. त्याच्यापाशी म्हणे परीस होता. शेतकऱ्यांकडून तो साऱ्यापोटी पैसा घेत नसे. नांगराचे झिजलेले लोखंडी फाळ घेई आणि परिसाचा स्पर्श करून त्यांचे सोने करी. असा राजा इतिहासाला ठाऊक नाही. पण सारा भरून भरून थकलेल्या कुणब्यालाच ही गोष्ट सुचली असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता गावाकडे वळू. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि अखेर गोदावरीत जाते. या वाटेवर, नदीच्या पश्चिम तीरावर पवनी आहे. तिच्या तीन अंगांना मातीचा उंच परकोट आणि त्याबाहेर खंदक. चौथ्या अंगाला खुद्द नदी. मूळ तट मातीचा, त्यावर दगडी बांधकाम चढविले ते पुढच्या राजवटींनी. पहाटे घाटावर स्नानाला उतरलेल्या माणसाच्या समोर नदीपलीकडून सूर्य वर येतो. एवढी सोय पाहून कोणीही येथे मुक्काम ठोकावा!

या परकोटाच्या आसपास काही टेकाडे आहेत. जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची टेकडी, हरदोलाला टेकडी अशी त्यांची नावे. जगन्नाथाचे देऊळ आहे म्हणून ती जगन्नाथ टेकडी, यापलीकडे तिच्याविषयी गावात कोणी विचार केला नव्हता. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून तेथे उत्खनन केले. डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. टेकडीच्या पोटात निघाला तो एक प्रचंड बौद्ध स्तूप. त्याचा व्यास चाळीस मीटरांच्या आसपास भरतो. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची भव्यता ध्यानी येते. चांडकापूरच्या टेकाडातही स्तूपाचेच अवशेष मिळाले. पुढे १९९४ साली अमरेंद्र नाथ यांनी येथे आणखी उत्खनन केले.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याचे खांब व आडवे दगड सापडले, आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. एकाने खांब दिला, दुसऱ्याने आडवा दगड दिला. दात्यांत भिक्षू आहेत, संसारी माणसे आहेत, बायकाही आहेत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा स्तूप वर्गणीतून उभा राहिला. गणपतीच्या मंडपात फळ्यावर वर्गणीदारांची नावे लिहितात ना, तसाच हा प्रकार; फरक एवढाच की हा फळा दगडाचा होता आणि तो दोन हजार वर्षे टिकला.

याच कठड्यावरचे एक शिल्प अभ्यासकांच्या विशेष परिचयाचे आहे. एक रिकामे आसन आणि त्यावर फणा धरून राहिलेला नाग. बुद्धाच्या ध्यानकाळी वादळ आले तेव्हा मुचलिंद नागाने त्याच्यावर फणा धरला, ती ही कथा. शिल्पाखाली नागाचे नावही कोरले आहे. बुद्धाची मूर्ती मात्र नाही, कारण त्या काळी त्याला मनुष्यरूपात दाखवीत नसत. आसन रिकामे, पण पाहणाऱ्याला ते रिकामे वाटत नाही.

राजे आले ते पुढे, आणि तेही पाहुण्यासारखे. भार कुळातील भगदत्त नावाच्या राजाचा लेख येथे मिळाला. रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा छायास्तंभ मिळाला. छायास्तंभ म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांब. हे नाव एतद्देशीय नाही, शकांचे आहे. कोठला शक आणि कोठली वैनगंगा! वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपटही पवनीचाच. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी यांतील लेख वाचून विदर्भाच्या इतिहासात बसविले, त्यांचे ऋण मानल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुढे गोंड आले, नागपूरकर भोसले आले, इंग्रज आले. परकोटाने सर्वांना आत घेतले आणि यथावकाश निरोपही दिला.

जगन्नाथ टेकडीवर हिंडत असता तेथे शेळ्या घेऊन आलेली एक वृद्ध बाई मला भेटली. मी दगड निरखतो आहे हे पाहून तिने विचारले, “काय पाहून राहिले जी?” खोदकामाची तिला चांगली आठवण होती. म्हणाली, “मी पोट्टी होती तवा. माझी माय टोपले उचले. आमाले वाटे नुसती टेकडी आहे. मंग आतून येवढं मोठं काम निंगालं.” दात्यांची नावे दगडावर राहिली, उत्खनन करविणाऱ्यांची नावे पुस्तकावर राहिली, टोपले उचलणाऱ्या मायमाउलीचे नाव कोठे राहावे? इतिहासाची ही जुनी खोड आहे, आणि ती पवनीसारख्या गावात अधिक बोचते.

या स्तूपाच्या प्रकट होण्याला काळाचाही एक विलक्षण योग साधला आहे. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तीत त्यांना यश आले नाही. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि वैदर्भीय खेड्यापाड्यांतील असंख्य कुटुंबे त्यांच्यामागून बौद्ध झाली. हा धर्म तुम्ही कोठून आणलात, असे विचारणाऱ्यांना अवघ्या तेरा वर्षांत पवनीच्या मातीनेच उत्तर दिले. तो कोठून आणावा लागला नव्हता. तो पायाखालीच होता. टेकडीवरचा जगन्नाथ आणि टेकडीतला स्तूप या दोघांनाही आपले म्हणणारी माणसे आज याच गावात राहतात. हे सख्य जपणे सोपे नसते. तरी ते जपलेच पाहिजे.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते तिच्या देवळांमुळे. मुरलीधराचे देऊळ आहे, दत्ताचे आहे, नदीवर वैजेश्वराचा घाट आहे. विदर्भातील अष्टविनायकांत गणला जाणारा पंचानन गणेश येथलाच.

देवांइतकीच येथे विणकरांची ख्याती होती. कोष्ट्यांच्या आळीतून निघणारे रेशीमकाठी तलम कापड दूरवर जाई. पुरुष मागावर बसे, बायका कांड्या भरीत, मुले सूत उलगडीत. एका लुगड्यात सारे घर गुंतलेले असे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि धोट्याचा आवाज हळूहळू मंदावला. परकोटाला जे कोणत्याही शत्रूकडून भय वाटले नसेल, ते त्या भोंग्याकडून वाटावयास हवे होते!

दिवाळीचा विषय निघाला की झाडीपट्टीतल्या माणसाला मंडई आठवते. भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडया भरू लागतात. धान कापणीला आलेले असते, सासरच्या लेकी माहेरी असतात, पाहुण्यांनी घरे भरतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. पहाटेपर्यंत चालणारे ते नाटक पाहावयास आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारे येतात. तिकीट काढून, थंडीत कांबळे पांघरून नाटक पाहणारा हा प्रेक्षक पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांनी हेवा करावा असा आहे.

या साऱ्याची आई नदी. आणि तिच्याविषयीच आज काळजी वाटते. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसे खुर्द येथे धरणाचे भूमिपूजन झाले. धरणाला तेहतीस दारे आहेत. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. शेताला पाणी हवे, यात वाद नाही. पण पाण्याखाली गेलेल्या गावांची मंडई कोठे भरावयाची? शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेला आणि कन्हानेतून वैनगंगेला येऊन मिळते. राजधानीचे शहर स्वच्छ व्हावयाचे आणि त्याचा मळ काशीच्या घाटाला लागावयाचा, हा कोठला न्याय? ढिवराचे जाळे आणि स्नानाला उतरणारी सुवासिनी, दोघांनाही तेच पाणी.

परकोटाचे म्हणाल तर त्याला सैन्याचे भय कधीच उरले नाही. भय आहे ते आपल्या कुदळीचे, भरावाला लागणाऱ्या मातीचे आणि खंदकाला उकिरडा समजण्याचे. सरकारने पाटी लावली म्हणजे वास्तू वाचते असे नाही. पवनीचा स्तूप एका सम्राटाच्या हुकुमाने नव्हे, तर एकेका घराने एकेक दगड दिला म्हणून उभा राहिला. तो आणि त्याभोवतीचे गाव राखावयाचे असेल तर रीत तीच आहे. शाळेतल्या पोरांना त्या ब्राह्मी अक्षरांपुढे उभे करावे, एकेक नाव वाचून दाखवावे आणि सांगावे, की ही तुमच्याच गावची माणसे. मग तटाची माती उकरावयास आलेल्याला ती पोरेच अडवतील.