अतिशीत इंधनटाक्यांचे उष्णतारोधन

रॉकेटमधील द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांना बाहेरच्या उष्णतेपासून राखण्यासाठी टाकीवर चढवलेले आवरण. वातावरणीय दाबाला हायड्रोजन उणे २५३, तर ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. उघड्या टाकीत ही द्रव्ये झपाट्याने वायुरूप होतात आणि हवेतील बाष्प टाकीच्या पृष्ठभागावर बर्फ होऊन साचते. उड्डाणाच्या हादऱ्यांनी सुटलेला असा बर्फ यानावर आदळू शकतो.

यावर रूढ उपाय म्हणजे फवारून बसवलेला पॉलियुरेथेन जातीचा फोम. अमेरिकी स्पेस शटलच्या ४७ मीटर लांबीच्या बाह्य टाकीवर त्याचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम अडीच सेंटिमीटर होता. पहिल्या दोन उड्डाणांत टाकीला पांढरा रंग दिला होता. पुढे वजन वाचवण्यासाठी तो वगळला आणि फोमचा नारिंगी रंग उघडा पडला.

आवरण कितीही चांगले असले, तरी थोडी उष्णता आत शिरतेच. बनलेला वायू झडपांतून सोडावा लागतो. वाट तुंबल्यास दाब वाढून टाकी फुटू शकते. गळालेला हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात असताना पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसतच नाही. फोमचा स्वतःचा धोका अधिक छुपा आहे. थरातील पोकळ्यांत व भेगांत शिरलेली हवा हायड्रोजनच्या टाकीलगत द्रवरूप होते. उड्डाणात पृष्ठभाग तापला की ती पुन्हा वायू होऊन फुगते आणि फोमचा तुकडा उडवू शकते. शिवाय थंड धातूवर जमलेल्या द्रव हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले असते, त्यामुळे जवळच्या सेंद्रिय पदार्थांना आगीचा धोका असतो.

८ मे १९६२ रोजी सेंटॉर या हायड्रोजनवर चालणाऱ्या रॉकेट-टप्प्याचे पहिले उड्डाण उष्णतारोधक आवरण उखडल्याने मिनिटभरातच स्फोटात संपले. कोलंबिया या स्पेस शटलचा अपघात याहून वेदनादायी, कारण इशारे मिळालेले होते. टाकी व यान जोडणाऱ्या पुढच्या आधारावरील फोम हाताने फवारून, कापून घडवलेला असे. ऑक्टोबर २००२ मधील शटल-उड्डाणात तिथलाच तुकडा निखळला होता, तरी उड्डाणे चालू राहिली. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी पाऊण किलोच्या आसपास वजनाचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. हलका तुकडा हवेत चटकन मंदावला आणि वेगाने जाणारे यान त्याला ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने धडकले. अभियंत्यांनी कक्षेतील यानाची छायाचित्रे मागितली. ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना पंखात तप्त वायू शिरून यान मोडले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. जुलैमध्ये प्रयोगशाळेत फोमचा तसाच मारा केल्यावर पंखाच्या कडेच्या कार्बन पट्टीला सुमारे ४० सेंटिमीटरचे भोक पडले.

पर्यावरणनियमांमुळे बदललेल्या फोमला या अपघाताचा दोष अनेकदा दिला जातो. प्रत्यक्षात निखळलेला भाग जुन्याच, सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वापरून फुगवलेल्या फोमचा होता.

नंतर त्या आधारावरचा फोम काढून बर्फ रोखण्यासाठी तापक बसवले. तरीही जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या टाकीवरून दुसऱ्या ठिकाणचा मोठा तुकडा सुटला. तो यानाला लागला नाही. आर्टेमिस चांद्रमोहिमांच्या एसएलएस रॉकेटच्या गाभ्यावरही नारिंगी फोम आहे, पण तिथे अंतराळवीरांचे ओरायन यान टाक्यांच्या वर बसते. त्यामुळे निखळलेला तुकडा त्याच्या उष्णताकवचापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही.