पेवातली हवा

‘सध्या शिकवणी वर्गांचं पेव फुटलं आहे’ असं आपण सहज बोलून जातो. मराठीच्या तासाला ‘पेव फुटणे – एखादी गोष्ट एकाएकी फार प्रमाणात दिसू लागणे’ असा अर्थही फळ्यावर लिहून देतो. पण पेव म्हणजे काय, असं वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारलं तर? हिंगोली जिल्ह्यातल्या आजच्या मुलांना बहुधा ते पाहायला मिळणार नाही. त्यांच्या पणजीला मात्र त्यात किती पोती ज्वारी मावते हे सांगता आलं असतं.

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र पोट फुगलेलं, रांजणासारखं. खोली पुरुषभर ते दोन-अडीच पुरुष. तळाला आणि कडेने कडबा, भूस यांचा थर द्यायचा, मग वाळलेली ज्वारी ओतायची, वर पुन्हा भूस, तोंडावर दगड आणि त्यावर माती. घट्ट लिंपून टाकलं की अंगणात पेव आहे हे परक्याला कळतही नसे. लुटारू आणि वसुलीवाले यांच्यापासून धान्य लपवण्याची ही चांगली सोय होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही होती, आणि आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. (हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी.) त्या दिवसांत झाकलेल्या पेवाचं मोल काय असेल, याची कल्पना करता येते.

ही युक्ती किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. तिथल्या वस्तीचा काळ साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७०० असा धरला जातो. त्या घरांजवळ धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. म्हणजे महाराष्ट्रातले पहिले शेतकरी आणि त्यांची पेवं जवळजवळ बरोबरीनेच इतिहासात येतात.

आता पेव कुठे खणायचं? गावाच्या जमिनीचे आपल्याकडे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे गावठाण. पेवाची जागा पांढरीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून पाणीही आत येतं आणि हवाही. पांढरीच्या मातीला हा खोड कमी.

हवा आत येऊ नये, यातच पेवाचं सगळं विज्ञान आहे. धान्याच्या ढिगात सुमारे ३५ ते ४० टक्के जागा दाण्यांमधल्या हवेची असते. दाणे जिवंत असतात, अगदी मंद का होईना पण श्वसन करतात. ज्वारीबरोबर आत गेलेले सोंडे आणि बुरशी त्याहून कितीतरी वेगाने श्वसन करतात. तोंड बंद असलं की काही आठवड्यांत आतला ऑक्सिजन खालावतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आला की बहुतेक कीटक मरतात. थोडक्यात, किडे स्वतःच श्वास घेऊन स्वतःची कोंडी करतात. विसाव्या शतकात कीटकशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं, पण खेड्यातल्या माणसांना त्याचा परिणाम आधीच ठाऊक होता.

त्यातला धोकाही ठाऊक होता. उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं नाही, आधी काही काळ उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा, हा जुना रिवाज. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. माणूस त्याहून थोड्या कमी ऑक्सिजनला तग धरतो, म्हणून दिवा आधी इशारा देतो. ज्यांनी घाई केली ते पेवातच गुदमरले, आणि त्यांना काढायला उतरलेलेही. विहिरी आणि गटारं साफ करताना आजही हेच घडतं. तिथे तर दिव्याचा इशाराही पुरत नाही, कारण तिथले वायू ऑक्सिजन पुरेसा असतानाही मारू शकतात, काही तर पेटही घेतात. मुलांना पेव शिकवताना हा भाग गाळू नये, असं आम्हाला वाटतं.

पेवाला मर्यादा होत्या. कडेची ज्वारी ओल धरून काळी पडे, तिला आंबूस वास येई. आणि पेवातल्या दाण्याची उगवणशक्ती जाई. म्हणून बियाणं कधी पेवात ठेवत नसत. निवडक कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुराने किडे दूर राहत आणि उबेने दाणा कोरडा राहत असे. शिवाय पेव सगळ्यांकडे नव्हतंच. ते पाटील, देशमुख, सावकार आणि बऱ्या शेतकऱ्यांकडे. मजुराच्या घरी असे मडक्यांची उतरंड, फार तर शेणमातीने लिंपलेली कणगी. दुष्काळात कोणाला कोणाच्या दारी जावं लागे, ते इथेच ठरत असे.

उतरंडीतलं विज्ञान बायकांच्या हातात होतं, आणि ते पेवाइतकंच विचार करण्याजोगं आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य खडखडीत वाळवायचं: दाण्यातली ओल नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेली की सोंड्यांची वाढ थांबते. राख मिसळायची: राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, अंगातलं पाणी उडून तो सुकून मरतो. डाळींना एरंडेलाचा हात लावायचा: तेलाच्या थराने किड्यांच्या अंड्यांना हवा मिळत नाही. तूर भरडून डाळ करून ठेवणं हीसुद्धा साठवणच, कारण कडधान्याचा भुंगेरा अख्ख्या दाण्यात जसा वाढतो तसा डाळीत वाढत नाही. कडुलिंबाचा पाला मात्र जादू नव्हे. थोडा उपयोग होतो, पण ओला पाला घातला तर धान्याला बुरशी धरते.

पेव का गेलं? ‘लोक आळशी झाले’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. लोक त्याला हायब्रीडच म्हणत. ते खरिपाचं, म्हणजे दाणे पावसात भरणार, ओलसर राहणार, काळे पडणार. रब्बीच्या टणक शाळूसारखी ती ज्वारी टिकत नसे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडी खाल्ली. पुढे रेशनच्या दुकानाचा आधार वाढला. नंतर सोयाबीन आलं. ते घरी ठेवण्याचं पीक नव्हेच, काढलं की बाजारात.

घरात उरलेल्या गव्हा-ज्वारीसाठी पत्र्याची कोठी आली आणि तिच्यामागून ‘गोळी’ आली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ही गोळी हवेतल्या ओलाव्याने विरते आणि फॉस्फिन वायू सोडते. या विषाला उतारा नाही. ती गोदामात, प्रशिक्षित माणसाने वापरायची वस्तू आहे. धान्याच्या कोठीशेजारी झोपलेल्या घरांत माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. कोणाच्या घरी ही गोळी वापरतात का, एवढं शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावं.

गंमत अशी, की जग पुन्हा पेवाकडेच वळलं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळी साठवण्यासाठी आत दोन जाड प्लॅस्टिकच्या आणि बाहेर एक विणलेली, अशा तिहेरी पिशव्या वापरायला सुरुवात केली. औषध काही नाही, फक्त हवाबंद तोंड. ते खांद्यावरून नेता येणारं पेवच म्हणायचं.

हिंगोलीत आज साठवणुकीची चर्चा ज्वारीपेक्षा हळदीची असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिजवून वाळवलेली हळकुंडं बंद जागेत टिकतात. सांगलीजवळच्या हरिपूरला तर ती पेवांतच ठेवत, २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरेपर्यंत. मात्र घरात औषध म्हणून मिरवणाऱ्या या हळदीलाही पोखरणारा भुंगेरा असतो, आणि तो तंबाखूही खातो! पुढच्या लागवडीचं ओलं बेणं मात्र पेवात घातलं तर कुजेल. ते जोमाने श्वास घेणारं, म्हणून सावलीत, पाल्याखाली, हवा खेळती ठेवून. कांद्याचंही तसंच. डबा घट्ट लावायचा की टोपलीत उघडं ठेवायचं, हे स्वयंपाकघरात आपण रोज ठरवतो ते याच फरकावरून.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग: दोन सारख्या बरण्या काठोकाठ ज्वारीने भरा. प्रत्येकीत वीस-वीस सोंडे टाका. एकीला घट्ट झाकण लावून कडेने मेण लावा, दुसरीला पातळ फडकं बांधा. तीन आठवडे हात लावू नका. मग ज्वारी परातीत ओतून जिवंत किडे मोजा. घट्ट बरणी उघडताच तिच्या तोंडाशी पेटती काडी धरून पाहा आणि मुलांना विचारा, आजोबा पेवात दिवा का सोडत होते?