राउटरमधली रांग

आमच्या ऑफिसात बारा जण, राउटर एक. कुणी बॅकअप अपलोडला लावला की माझा कॉल गचकलाच. परवा तर क्लायंटसमोर डेमो अडकला. प्लॅन वाढवला, तरी तेच.

हे दुखणं जुनं आहे. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले लॅब ते बर्कले विद्यापीठ, अंतर जेमतेम ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून घसरला थेट ४० वर. चाळीस, बरं का! अडकलेलं पॅकेट मशीन पुन्हा पाठवायचं, गर्दी अजून वाढायची. व्हॅन जेकबसननी १९८८ साली उपाय मांडला: पॅकेट हरवलं की गर्दी झाली समजा, वेग आवरा.

पुढे मेमरी स्वस्त झाली, राउटरमध्ये लांबलचक रांगा आल्या. पॅकेट हरवतच नाही, नुसतं ताटकळतं. मग वेग आवरणार कोण? याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसननी कोडेल आणलं. ते रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. थांबणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर गेलं की पॅकेट टाकायला लागतं.

मी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, एसक्यूएम चालू केलं, अपलोडची मर्यादा लाईनच्या वेगापेक्षा जरा कमी ठेवली. आता रांग मोडेममध्ये नाही, आपल्या ताब्यात लागते. स्पीड टेस्टचा आकडा घटला म्हणून साहेब कुरकुरतात. बॅकअप चालू असतानाच कालचा डेमो झाला, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.