फुरसे, मडके आणि मांडणी

रत्नागिरी जिल्ह्यात एके काळी फुरशाला सरकारी भाव होता. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरीतच मोडत, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत ‘रत्नागिरी’ दिसले की त्यात मालवणचे आणि देवगडचे सडेही धरायचे. मेलेले फुरसे दाखवावे आणि बक्षीस घ्यावे, अशी ती योजना. विडाल नावाच्या, दक्षिण कोकणात नोकरी केलेल्या आणि पक्ष्यांपासून सापांपर्यंत सगळ्याची टिपणे ठेवणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यामुळे तिचे आकडे सर्पशास्त्राच्या ग्रंथांत शिरले. १८६२ च्या डिसेंबरात आठ दिवसांत लाखावर साप जमा झाले, आणि सहा वर्षांची सरासरी काढली तर ती वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास भरली. एवढे होऊनही जांभ्याच्या सड्यावरचा धोंडा उलथला की फुरसे निघायचे ते निघतच राहिले.

या सगळ्या हिशेबात पेटी कुठेच लागत नव्हती. मेलेल्या सापाला घर कशाला? सापाला घर करावे लागते ते तो कुणालातरी जिवंत हवा असतो तेव्हा. तो का हवा आहे, यावर घराचा आकार ठरतो. आणि घर कोणत्या मुलखात आखले गेले, यावर त्यातली ऊब ठरते. आजकाल आपल्याकडची तरुण मुले इंटरनेटवर पाहून परदेशी सापांसाठी घरच्या घरी कप्प्यांची मांडणी बनवू लागली आहेत, प्लायवूड कापतात, तापणारी पट्टी चिकटवतात. त्या मांडणीचा इतिहास कोकणाच्या बाजूने वाचला तर वेगळा दिसतो, म्हणून हा लेख.

सापासाठी सार्वजनिक घर बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये झाला. थंड देश, त्यामुळे पहिला प्रश्न उबेचा. त्या काळी उत्तर एकच होते, सगळी खोली तापवायची. माणसाला जशी खोली उबदार लागते तशी सापालाही लागेल, असा सरळ हिशेब. त्या घरातल्या एका रखवालदाराचा १८५२ मध्ये नागदंशाने मृत्यू झाला. त्याला देण्याजोगे औषध तेव्हा जगात कुठेच नव्हते. ते यायला अजून चार दशके होती.

उबेची कल्पना बदलली ती १९२७ मध्ये. त्या वर्षी लंडनचे नवे सर्पगृह उघडले आणि त्यामागे जोन प्रॉक्टर या बाईंची बुद्धी होती. वयाच्या पंचविशीत त्या तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक झाल्या. प्रकृती कायमची नाजूक, पण कोमोडोचा अजस्र सरडा सोबत घेऊन बागेत फिरायच्या. त्यांनी विजेच्या साहाय्याने पिंजऱ्यातला एखादा खडक, एखादा कोपराच तापवायची सोय केली. प्राण्याने हवे तेव्हा उबेत यावे, नको तेव्हा दूर जावे. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत कौल्स आणि बोगर्ट या दोघांनी वाळवंटी सरड्यासापांवर काम करून यामागचे शास्त्र मांडले. हे प्राणी ‘थंड रक्ताचे’ म्हणून परिस्थितीच्या हवाली झालेले नसतात. ऊन आणि सावली यांच्यात जा-ये करून ते आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच नेमकेपणाने राखतात. आपल्या गड्यांना हे ठाऊक होतेच म्हणा. सकाळच्या उन्हात गडग्यावर पडलेली धामण दुपारी त्याच जागी का नसते, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही.

घरगुती मांडणी या शास्त्राची धाकटी मुलगी. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत सापांची पैदास हा धंदा झाला. पश्चिम आफ्रिकेतून, घाना, टोगो, बेनिन या देशांतून येणारा बॉल पायथन हा आटोपशीर अजगर त्या धंद्याचा कणा. नव्वदीत त्याचे पांढरेपिवळे, रंगहीन वाण पैदाशीतून निघू लागले आणि किमती चढल्या. शेकडो साप, प्रत्येक वेगळा ठेवायचा, जागा थोडी. काचेच्या पेट्या परवडेनात. मग स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीसारखी एक मांडणी आली. एकावर एक फळ्या, प्रत्येक फळीवर सरकणारा प्लॅस्टिकचा डबा. डब्याला झाकण नाही, वरची फळी हेच झाकण. डब्याची कड आणि फळी यांत दोनतीन मिलिमीटरचीच फट ठेवायची, नाहीतर पिल्लू निसटते. हवेसाठी डब्याच्या बाजूंना तापवलेल्या सळईने भोके पाडायची, तीही आतून बाहेर, म्हणजे कडा सापाला लागत नाहीत.

ऊब देणारी पट्टी असते पातळ प्लॅस्टिकच्या दोन थरांत कार्बनची शाई छापलेली. फळीच्या मागच्या भागात उथळ खाच काढून ती बसवतात, म्हणजे डब्याचा मागचा तिसरा हिस्सा तापतो आणि पुढचा निवा राहतो. बॉल पायथनला मागे साधारण ३२ अंश आणि पुढे २६ च्या आसपास हवे असते. प्रॉक्टरबाईंचा तापलेला खडक आणि त्याच्याबाहेरची सावली एका डब्यात बसवली, एवढेच. यात सगळा भरवसा थर्मोस्टॅटवर. त्याचा संवेदक पट्टी आणि डबा यांच्या मध्ये घट्ट चिकटवावा लागतो. तो सुटून खाली लोंबला तर त्याला खोलीची थंड हवा लागते, यंत्र समजते की अजून तापायचे आहे, आणि पट्टी तापतच राहते. साप अशा वेळी चटकन बाजूला होईल असे वाटते, पण पोटाखालचा चटका ओळखण्यात साप फार मंद. कातडी भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहिल्याची उदाहरणे पाळणाऱ्यांना ठाऊक आहेत. म्हणून जाणते लोक दुसरा, सुरक्षेपुरता थर्मोस्टॅट बसवतात आणि प्लायवूड व पट्टी यांत ॲल्युमिनियमचा थर देतात.

ही मांडणी आखली गेली ती थंडीत बर्फ पडणाऱ्या देशात. मालवणात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा विशीखाली गेला तरी दुपारी तिशीपार जातो. म्हणजे वर्षातले थोडेच तास कृत्रिम उबेचे, बाकी काळ पट्टी निव्वळ शोभेची किंवा धोक्याची. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४ अंशांवर असताना थर्मोस्टॅट फक्त पट्टी बंद करू शकतो, डबा गार करू शकत नाही, आणि सापाला पळून जायला निवा कोपरा उरत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी या डब्यातल्या सापाची अडचण ऊब गेल्याची नसते, पंखा बंद पडल्याची असते. त्यात आपला पावसाळा. जुलैत हवाच ओल्या फडक्यासारखी. साधे प्लायवूड फुगते, डबे अडकतात, आतल्या भुशाला बुरशी धरते आणि सापाच्या पोटाखालचे खवले सडू लागतात. थंड देशाचा आराखडा जसाच्या तसा उतरवणारा माणूस त्या देशाचा हिवाळाही सोबत उतरवून घेतो.

आपल्या हवेत आखलेले सापाचे घर वेगळेच होते. ते म्हणजे मडके. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी आधी काही दिवस नाग पकडून मडक्यांत ठेवायची रीत होती. न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या त्या मिरवणुकीला पुढे चाप बसला, आणि तो बसायला हवाच होता. पण मडके निवडण्यात जुन्यांनी चूक केली नव्हती. मातीच्या अंगातून पाणी झिरपते, वाफ होते, आतली हवा बाहेरपेक्षा निवी राहते. अंधार असतो, शरीराला चहूबाजूंनी टेकायला भिंत असते.

याच मडक्यावर तामिळनाडूत मोठी व्यवस्था उभी राहिली. इरुळा हे तिथले साप पकडण्यात वाकबगार आदिवासी. त्यांचा जुना उदरनिर्वाह सापाच्या कातड्यावर होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतर कातड्यांच्या निर्यातीवरची बंदी यांनी तो संपला. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था निघाली. चेन्नईजवळच्या वडनेम्मेली इथे तिची मडकी आजही पाहता येतात. अर्धे मडके वाळू, तोंडाला सुती कापड बांधलेले. साप तीनचार आठवडे ठेवायचा, त्या मुदतीत साधारण चार वेळा विष काढायचे, पोटावरचा खवला किंचित कातरून खूण करायची म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जाणार नाही, आणि सोडून द्यायचा. इथे घर तात्पुरते आहे. साप पाळायचाच नाही, त्याला पाहुणा म्हणून ठेवायचे. फुरशासाठीही तिथे मडकेच.

विष हवे कशाला, तर घोड्याला. कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात दाखवले की विषाच्या वाढत्या मात्रा टोचलेल्या जनावराच्या रक्तात उतारा तयार होतो. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते परळच्या हाफकिन संस्थेत. १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेसाठी मिळालेली ती जुनी गव्हर्नरची कोठी. तिथल्या डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले आणि कित्येकांनी सापांची पहिली ओळख त्यातून करून घेतली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच प्रतिविष, ही आजही चालू असलेली पद्धत. कालांतराने देशातल्या प्रतिविष बनवणाऱ्यांना लागणारे बहुतेक विष इरुळांच्या संस्थेकडूनच जाऊ लागले.

महाराष्ट्रात मधल्या काळात साप पेटीत दिसला तो बघण्यासाठी. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. तो विक्रम लोकांनी रांगा लावून पाहिला आणि त्याच ओढीतून १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. सर्पमित्रांची एक पिढी त्यातून घडली हे त्या काचेच्या खोलीचे ऋण मानायला हवे.

आता कायद्याचे. कुठलाही देशी साप, मग तो बिनविषारी दिवड का असेना, घरात पाळता येत नाही. पकडलेला साप वनखात्याला कळवून सोडायचा असतो. परदेशी सापांना २०२० पर्यंत मोकळे रान होते. त्या वर्षी केंद्राने स्वेच्छेने माहिती द्यायला सांगितले, २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची नोंद कायद्यात आली आणि २०२४ मध्ये नियम निघाले. म्हणजे बॉल पायथनची मांडणी करणाऱ्याने सुतारकामाआधी नोंदणीचे पाहावे. मला विचाराल तर शौकासाठी डब्यात आयुष्य काढणारा साप हे फार अभिमानाचे दृश्य नाही. त्याला पूर्ण लांबीने पसरताही येत नाही, हा वाद परदेशातही चालू आहे.

पण हीच मांडणी एका कामाला अगदी नेमकी बसते, आणि ते काम कोकणाचे आहे. फुरसे लहान साप, एका वेळी त्याचे विष मिळते काही मिलिग्रॅम. पुरेसे विष हवे तर साप खूप लागतात, म्हणजे छोटी घरेही खूप. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की विष देणाऱ्या प्रत्येक सापाची वेगळी ओळख असावी, तो कुठल्या भागातला याची नोंद असावी, आल्याबरोबर त्याला वेगळे ठेवून रोग तपासावा. सरकणारा कप्पा, त्याच्या दर्शनी बाजूला चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव आणि तारीख. पैदाशीच्या धंद्याने जी रचना शोधली ती इथे उपयोगी पडेल, फक्त उबेची पट्टी काढून त्या जागी निव्याची सोय करावी लागेल. जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत, मंगलोरी कौले, वारा खेळता ठेवणारी जाळी, पावसाळ्यात भुशाऐवजी रोज बदलता येणारा कागद. अर्थात हे परवानगीने, संस्थेने करायचे काम आहे, कुणा हौशी मुलाने माडीवर करायचे नव्हे.

याची गरज का, हे हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दिसते. त्यांनी गोवा, राजस्थान आणि तामिळनाडूतल्या फुरशांचे विष शेजारी ठेवून तपासले आणि त्यांच्या घटकांत फरक आढळला. गोव्याचे फुरसे म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचे, आपल्याच सड्याचे. दंश झाला तर आज उपलब्ध असलेले प्रतिविषच, जवळच्या सरकारी दवाखान्यात, लवकरात लवकर घ्यायचे, यात शंका घेऊ नये. त्यानेच माणसे वाचतात. पण देवगडच्या आंब्याच्या बागेत गवत काढताना ज्याच्या बोटाला फुरसे लागते त्याच्या शिरेत जो उतारा जातो, त्यातले फुरशाचे विष बहुधा चेन्नईजवळच्या मडक्यातून आलेले असते.

दवाखान्यात येणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीवर हिशेब छापलेला असतो. एक मिलिलिटर उतारा नागाचे आणि घोणसाचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. फुरसे कुठल्या जिल्ह्यातले, याचा रकाना त्या चिठ्ठीवर नाही.